मांजराला आवाज ओळखता येतो, मग ते हाकेला का येत नाही?

हाक मारली तर ढिम्म हलत नाही, आणि विळीवर बांगडे कापायला घेतले की माळ्यावरून धावत येते. मग ‘मांजर मतलबी, त्याला माणूस कळत नाही’ असे म्हणून लोक मोकळे होतात. आवाज ओळखणे आणि हाकेला उठून येणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले मांजर आपल्या आपण शिकते. दुसरे शिकवावे लागते, आणि तेही ठरावीक क्रमाने. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. खाऊची जोड द्यायच्या आधीच परसाच्या टोकावरून दहा-दहा हाका मारल्या जातात. हाक म्हणजे घरातला आणखी एक आवाज, एवढेच मांजर त्यातून शिकते.

जपानमध्ये सायतो आणि शिनोझुका या संशोधकांनी २०१३ साली २० मांजरांना ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या. आधी तीन अनोळखी माणसांनी मांजराचे नाव घेतले, मग मालकाने, मग पुन्हा एका अनोळखी माणसाने. २० पैकी १५ मांजरांचा प्रतिसाद तिसऱ्या अनोळखी आवाजापर्यंत कमी झाला होता, आणि मालकाचा आवाज येताच तो पुन्हा वाढला. मात्र हा प्रतिसाद कानाच्या नि मानेच्या हालचालीत दिसला. म्यांव करणे किंवा शेपटी हलवणे यात तो दिसला नाही. म्हणजे तुमचे मांजर कदाचित रोजच ओ देत असेल, तुमचे लक्ष मात्र पायांकडे असते. पुढचे सगळे टप्पे कानाकडे बघून करायचे आहेत.

टप्पा १ : तयारी

खाऊ आधी ठरवा. मीठ, हळद, तिखट न घातलेली उकडलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस घ्या. काटे काढून चवळीच्या दाण्याएवढे तुकडे करा. एक तुकडा जास्तीत जास्त एक ग्रॅमचा धरला तर दिवसाला १५ तुकडे पुरे. चार किलोच्या मांजराच्या दिवसभराच्या आहारात वरखाऊचा वाटा एक दशांशाच्या वर जाऊ देऊ नये, आणि १५ तुकडे साधारण त्या मर्यादेत बसतात. उकडलेले तुकडे डब्यात घालून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात. देण्यापूर्वी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कारण थंडगार तुकड्याला वास नसतो आणि वास नसला तर मांजराला त्यात रस नसतो.

सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), कालच्या हुमणातला (माशाच्या कालवणातला) तुकडा यांपैकी काही नको. सुक्या मासळीत मीठ फार असते, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. कच्चे तारलेही नको. काही कच्च्या माशांमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, उकडल्यावर तो निकामी होतो.

वेळ जेवणाच्या आधी अर्धा तास. ताटली दिवसभर भरून ठेवत असाल तर आधी ती सवय मोडा. दिवसातून दोन-तीन ठरावीक वेळा खायला घाला आणि वीस मिनिटांनी ताटली उचला. पोट भरलेल्या मांजराला शिकवता येत नाही.

जागा शांत हवी. सकाळी पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत येतो ती वेळ टाळा, तशीच मासळीवाली दारावर येते तीही. पंखा चालू असला तरी चालेल, पण सगळ्या सरावांना एकाच वेगावर ठेवा.

टप्पा २ : कान नीट आहेत का ते बघा

महिनाभर शिकवून झाल्यावर मांजर बहिरे असल्याचे कळते, असे होते. म्हणून हे पहिल्याच दिवशी करा.

मांजर जागे पण निवांत पडलेले असावे. त्याच्या पाठीमागे, दोन मीटरवर, त्याला दिसणार नाही असे उभे राहा. कुरकुरीत कागद चुरगळा. कान मागे वळतो का ते बघा. मग डाव्या बाजूने, मग उजव्या बाजूने. दर वेळी मध्ये निदान एक मिनिट जाऊ द्या.

थांबा : टाळी वाजवू नका, पाय आपटू नका. टाळीने हवा हलते, लाकडी माडीवर किंवा पलंगावर हादरा पोहोचतो, आणि बहिरे मांजरही त्याने दचकते. चाचणी उत्तीर्ण झाल्यासारखी वाटते आणि फसवते.

कान वळतो, पण आवाज डावीकडून आला असताना मान उजवीकडे जाते, असे वारंवार झाले तर एका कानाने ऐकू येत नसण्याची शक्यता आहे. पांढऱ्याशुभ्र, दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांत जन्मजात बहिरेपण बरेच आढळते. एकच डोळा निळा असेल तर त्या बाजूचा कान जास्त नीट तपासा. वय झालेल्या मांजराचे ऐकणेही माणसासारखेच कमी होत जाते.

कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला, मांजर सारखे डोके झटकत असेल किंवा कानाला आंबूस वास येत असेल, तर शिकवणे थांबवून पशुवैद्याकडे न्या. पावसाळ्यात दमट हवेमुळे हे जास्त होते. घरी खोबरेल तेल ओतणे आणि कापसाची काडी आत घालणे या दोन्ही गोष्टी बंद. आणि कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराला लावू नका. त्यात अनेकदा असणारे परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरासाठी विष आहे.

टप्पा ३ : आवाज ओळखते का, याची घरची चाचणी

हा टप्पा गाळला तरी हाक शिकवता येते. पण ‘आमचे मांजर ओळखतच नाही’ अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी एकदा करावा. दोन फोन लागतात.

मालकाचा आणि चार परक्या माणसांचा आवाज मुद्रित करून घ्या. परकी माणसे म्हणजे मांजर ज्यांना कधी भेटलेले नाही अशी. शेजारची आजी चालणार नाही, ती रोज कुंपणावरून त्याच्याशी बोलते. मालक बाई असेल तर चौघीही बायका असाव्यात. प्रत्येकाने मांजराचे नाव नेहमीच्या हाकेच्या सुरात एकदाच घ्यायचे. मुद्रणे कापून सारख्या लांबीची करा आणि आवाजाची पातळीही सारखी ठेवा.

मालकाने घराबाहेर जाऊन अर्धा तास तरी झालेला असावा. याला कारण आहे. क्योतो विद्यापीठातल्या साहो ताकागी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवले, की मालक दिसत नसतानाही तो कुठे असेल याचा अंदाज मांजर आवाजावरून मनात धरून ठेवते, आणि आवाज भलत्याच ठिकाणाहून आला तर चकित होते. मालक स्वयंपाकघरात भांडी घासत असताना त्याचा आवाज दारामागच्या फोनमधून आला, तर तुम्ही ओळख मोजत नसून मांजराची चक्रावलेली अवस्था मोजता.

आता फोन दाराच्या किंवा पडद्याच्या मागे ठेवा. दुसऱ्या फोनवर मांजराचे डोके चित्रित करा. क्रम असा : परका, परका, परका, मालक, परका. दोन आवाजांमध्ये ३० सेकंद. चित्रण नंतर बघून गुण द्या. काहीच नाही तर ०, कान वळला तर १, मान वळली तर २, उठले किंवा आवाजाच्या दिशेने चालू लागले तर ३.

गुण साधारण २, १, ०, २, ० असे दिसले तर ओळख पक्की. पहिल्या तीन आवाजांत गुण उतरलेच नाहीत तर चाचणी बाद समजा, मांजर नापास झालेले नाही. ते त्या वेळी भुकेले किंवा बिथरलेले असेल. आठवड्याने पुन्हा करा, रोज करू नका. फोनमधल्या हाकांमागे कोणी येत नाही हे ते लवकर शिकते.

टप्पा ४ : हाक एकच ठरवा

मराठी घरांत नेमकी इथे माती होते. मांजराचे नाव टिकली. हाक मारताना ‘टिकले’. लाडात ‘टिकू’, ‘टिकाबाई’. ओट्यावर चढले की ‘टिकल्ये, उतर!’ आणि आजीच्या तोंडी नुसते ‘मने’. आपल्याला हे सगळे एकच वाटते, कारण संबोधनात शब्दाचा शेवट बदलतो हे आपण बालपणापासून जाणतो. मांजराला ते पाच वेगळे आवाज आहेत.

म्हणून ज्या रूपात हाक मारता तेच रूप पक्के करा. ‘टिकले’ ठरले तर सगळ्यांनी ‘टिकले’च म्हणायचे, चढही तोच, लांबीही तीच. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. घरात कोकणी नि मराठी दोन्ही चालत असेल तर हे अधिकच गरजेचे. एकजण ‘यो गो’ म्हणणार आणि दुसरा ‘ये गं’, असे नको.

घरात मुलाचे नाव पिंटू असेल तर मांजराचे चिंटू नको. ‘मनी’ नि ‘पुसपुस’ ही हाक म्हणून टाळा, कारण अख्खा वाडा हेच म्हणून कुणा ना कुणा मांजराला हुसकावत किंवा बोलावत असतो.

नाव आधीच बिघडले असेल तर? नाव घेऊन औषध पाजले, आंघोळ घातली, रागावले, असे महिनोन्‌महिने झाले असेल तर ते नाव दुरुस्त करत बसू नका. येण्यासाठी नवा शब्द घ्या, उदाहरणार्थ ‘आलेऽआले’. नवा शब्द जोडायला आठवडा लागतो. बिघडलेला शब्द धुऊन काढायला किती लागेल ते सांगता येत नाही.

तपासा : ठरवलेली हाक दिवसभरात दुसऱ्या कशासाठी वापरली जाते का? पाहुण्यांना ‘ही आमची टिकली’ असे सांगताना चालेल, सूर वेगळा असतो. रागावताना मात्र नाव अजिबात घेऊ नका. नुसते ‘अंहं’ पुरते.

टप्पा ५ : हाक आणि खाऊ यांची गाठ

मांजर तुमच्यापासून एका हातावर असताना सुरुवात करा. त्याला कुठूनही यायचे नाही, फक्त ऐकायचे आहे.

खाऊ आधीच मुठीत किंवा खिशातल्या डबीत असू द्या. एकदा हाक मारा. एका सेकंदाच्या आत तुकडा त्याच्या पुढ्यात. पाच वेळा करा, दर वेळी १५-२० सेकंद थांबून, आणि संपवा. असे दिवसातून तीनदा, चार दिवस.

क्रम महत्त्वाचा आहे : आधी हाक, मग हाताची हालचाल. बहुतेकांचा हात आधी डबीकडे जातो आणि तोंड मागून उघडते. मग मांजर डबीचा खुळखुळाट शिकते, हाक नाही. असे शिकलेले मांजर घरात बरोबर येते आणि परसात अजिबात येत नाही, कारण डबी परसात ऐकू येत नाही. झाकणाला आतून कापड लावा किंवा तुकडे मऊ कागदात ठेवा.

सूर जरा उंच, लाडिक आणि ओढलेला असावा. मांजराशी बोलताना माणसे आपोआप तसे बोलतात, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये शार्लोत द मूझों आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली १६ मांजरांवर पाहिले, की मालक मोठ्या माणसाशी बोलावे तसे बोलता बोलता मांजराशी बोलायच्या सुरात गेला की मांजरे सावध होत. परक्या माणसाने तोच सूर काढला तर तसा फरक पडत नसे. याचा उपयोग टप्पा ७ मध्ये आहे.

तपासा : पाचव्या दिवशी मांजर दुसरीकडे बघत असताना हाक मारा. मान वळली तर पुढे जा. फक्त कान वळला आणि मान आली नाही, तर आणखी दोन दिवस इथेच.

टप्पा ६ : अंतर वाढवा

दोन पावले, मग खोलीचे दुसरे टोक, मग दाराआड, मग दुसरी खोली, मग माडी ते तळमजला. प्रत्येक अंतरावर दहापैकी आठ वेळा आले तरच पुढचे अंतर. लागोपाठ दोनदा आले नाही तर मागच्या अंतरावर परत या. दोन पायऱ्या एकदम चढू नका, दाराआड हीच बहुतेकांना अवघड जाते, कारण तिथे तोंड दिसत नाही आणि मांजराला फक्त आवाजावर भिस्त ठेवावी लागते.

एक हाक. मग मनात दहा आकडे मोजा. आले तर खाऊ, आणि तो तुमच्या पायाशी द्या, वाटेत नको. आले नाही तर काही बोलू नका. दुसरी हाक मारू नका. जागा सोडा, पाच मिनिटांनी निम्म्या अंतरावरून पुन्हा प्रयत्न करा. ‘टिकले, टिकले, टिकले, अगं टिकले’ ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. त्यातून मांजर शिकते ते एवढेच, की चौथ्या हाकेपर्यंत थांबायला हरकत नाही.

आणि आल्यावर पकडू नका. आलेले मांजर उचलून पिंजऱ्यात घातले, नखे कापली, असे एकदा झाले तरी आठ दिवसांची मेहनत जाते. पशुवैद्याकडे न्यायचे असेल त्या दिवशी हाक मारू नका, तुम्हीच त्याच्यापर्यंत जा.

पहिले तीन आठवडे दर वेळी खाऊ. नंतर तीनपैकी दोनदा दिला तरी चालते, पण तिसऱ्या वेळी निदान गालफडे खाजवा. खाऊ पूर्ण बंद करून ‘आता शिकले’ म्हणणाऱ्यांचे मांजर महिन्याभरात पुन्हा बहिरे होते.

दोन-तीन मांजरे असतील तर

एकेकाला वेगळ्या खोलीत शिकवा. सायतो यांच्याच २०१९ च्या अभ्यासात घरची मांजरे आपले नाव इतर शब्दांतून वेगळे काढू शकली. मांजर-कॅफेतल्या (गिऱ्हाइकांना मांजरांसोबत बसता येते अशा उपाहारगृहातल्या) मांजरांना मात्र आपले नाव आणि सोबतच्या मांजराचे नाव यांत फरक करता आला नाही. ज्या घरी कुणाच्याही नावाने हाक मारली तरी सगळ्यांना ताटली मिळते, तिथेही हेच व्हायचे.

टप्पा ७ : घरातली बाकीची माणसे

तुमचा आवाज शिकला म्हणजे नवऱ्याचा, सासूचा, मुलाचा शिकला असे होत नाही. प्रत्येकाने टप्पा ५ पासून स्वतः करायचे. दुसऱ्याला चारऐवजी दोन-तीन दिवस पुरतात, कारण शब्द ओळखीचा असतो. एका वेळी एकच माणूस, आणि तुम्ही त्या खोलीत नको.

गावाला जाताना मांजर शेजाऱ्यांवर सोपवणार असाल तर निदान पाच दिवस आधी त्यांना रोज दोनदा बोलावून हेच करून घ्या. किल्ली नि ताटली आयत्या वेळी देऊन निघालात तर मांजर त्यांना दिसणारही नाही. वर सांगितलेला फ्रेंच अभ्यास आठवा, परक्याचा लाडिक सूर मांजराच्या लेखी काही विशेष नसतो.

गोव्यात कित्येक घरांतला माणूस तारवटी असतो, सहा-आठ महिने बोटीवर. व्हॉट्सअॅपवरून मांजराला हाक मारण्याची हौस सगळ्यांना असते. आवाज ते ओळखेल, पण मागोमाग काहीच मिळाले नाही तर ती हाक पोकळ होत जाते. मारायचीच असेल तर आठवड्यातून एकदा, एकच हाक, आणि घरातल्याने लगेच फोनजवळ खाऊ ठेवावा. घरी परतल्यावर दारातच उचलून घेऊ नये. बल्कांवावर (दारापुढच्या ओसरीवर) बसून हलक्या आवाजात एकदा हाक मारावी आणि कान बघावा.

टप्पा ८ : परस, पाऊस आणि फटाके

बाहेर पहिल्या आठवड्यात पुन्हा दर वेळी खाऊ, आणि तोही घरातल्यापेक्षा चांगला. सुरुवात मागच्या दारापासून पाच पावलांवर. मांगर (परसातली खोपटी), माडाच्या आळ्या, कुळागर (पोफळीची बाग) ही अंतरे हळूहळू. सरावाची वेळ तिन्हीसांजेच्या आधीची ठेवा आणि मांजर दिवेलागणीला आत येईल अशी सवय लावा. घोणस नि मण्यार अंधारात फिरतात आणि पाचोळ्याच्या हालचालीवर झेप घ्यायची मांजराला खोड असते.

मृगापासून पुढे आणखी एक अडचण. पत्र्याच्या शेडवर पाऊस कोसळत असताना तुमचा आवाज दहा पावलेही जात नाही. मांजराला साधारण ८५ हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाला २० हजारांपर्यंत. तरी पावसाच्या माऱ्याखाली दबलेली हाक त्यालाही वेगळी काढता येत नाही. म्हणून मे महिन्यातच दुसरी खूण जोडून ठेवा : स्टीलच्या ताटलीवर चमच्याचे तीन ठोके, किंवा देवघरातली नसलेली एखादी लहान घंटा. आधी हाक, लगेच ठोके, मग खाऊ. आठवड्याने नुसते ठोके. घंटा देवघरातलीच घेतलीत तर आरतीला मांजर पाटापाशी हजर होईल.

चवथीच्या दिवसांत आणि दिवाळीआधी नरकासुराच्या रात्री मांजर संध्याकाळी पाचच्या आत घरात हवे. फटाके सुरू झाल्यावर मारलेली हाक बहुधा वाया जाते, आणि मुख्य म्हणजे हाकेची गाठ भीतीशी पडते.

तरीही बाहेर राहिलेच तर रात्री गल्लीभर ओरडत फिरू नका, शेजारच्या मुलांनाही ‘टिकले, टिकले’ करत पाठवू नका. घाबरलेले मांजर मालकाचा आवाज ओळखूनही लपलेल्या जागेतून हलत नाही, आणि दहा परक्या आवाजांनी आणखी आत सरकते. सगळे शांत होईपर्यंत थांबा. मध्यरात्रीनंतर, त्याला सगळ्यात ओळखीच्या असलेल्या एकाच माणसाने जावे. घरापासून चार-पाच घरांच्या आतच आधी बघा : पायऱ्यांखालची पोकळी, चिऱ्यांचा ढीग, लाकडांची रास, शेजाऱ्यांचा माळा. टॉर्च जमिनीलगत धरा म्हणजे डोळे चमकतात. उकिडवे बसून रोजच्याच सुरात एक हाक, मग पूर्ण एक मिनिट गप्प राहून ऐका. बारीक म्यांव आली तरी हात आत घालू नका. खाऊ दोन हात अंतरावर ठेवा, मागे सरका, घरी या आणि मागचे दार वीतभर उघडे ठेवून आतला दिवा मालवा.